नळ्यांखालचा डबा

वैशाख निम्मा सरला की किनाऱ्यालगतच्या वाड्यांतून बाबलीला बोलावणी येऊ लागत. छपराचे मातीचे नळे परतायचं काम. वर्षभरात वाऱ्याने, माकडांनी, बोक्यांनी सरकवलेले नळे छपरावरून उतरायचे, झाडायचे, फुटके वेगळे काढायचे आणि पाऊस धरायच्या आत पुन्हा ओळीने बसवायचे. हे काम एकट्याचं नाही. एकाने वर वाशांवर बसायचं, दुसऱ्याने खाली घरापुढच्या खळ्यात उभं राहून नळे वर फेकायचे. बाबलीला भाऊ नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून खळ्यात त्याची बायको विमला उभी राहत आली होती.

बाईमाणसाने नळे फेकायचे, हे गावाने तोवर पाहिलं नव्हतं. पहिल्या साली लोक हातातली कामं टाकून बघायला आले. विमला काष्टा वर खोचायची, दोन नळे एकात एक घालायची आणि असे फेकायची की ते बाबलीच्या हातात नेमके येऊन बसत. तो खाली बघायचासुद्धा नाही. हात पुढे केला की नळा हातात. दिवसभर दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण संध्याकाळी घरी जाताना बाबलीला वाटे, आज आपण पुष्कळ बोललो.

त्याला आता दहा वर्षं झाली होती. सन एकोणसाठचा वैशाख होता. भाईंच्या खळ्यात विमला उभी होती आणि तिच्या हातातला नळा थरथरत होता.

भाई म्हणजे गावातले दुकानदार. घर मोठं, छप्पर त्याहून मोठं. ते पडवीत खुर्ची टाकून बसले होते आणि दुकानात आलेली चार माणसं त्यांच्या पायाशी.

विमलाने नळा फेकला. तो छपराच्या कडेपर्यंत, पावळीपर्यंतही पोचला नाही. खाली पडून त्याचे तीन तुकडे झाले. सकाळपासूनचा हा सातवा.

"बाबल्या," भाई म्हणाले, "तुजी बायल नळे फेकता काय देवार फुलां घालता?"

पडवीतली माणसं हसली. विमलाही हसली, पण उशिरा, सगळ्यांचं हसून झाल्यावर. ओठाच्या कोपऱ्यात लाळ आली होती, ती तिने पदराने पुसली. बाबलीने वरून ते पाहिलं आणि मान दुसरीकडे केली. बसला होता तो तापलेल्या वाशावर, पण आग झाली ती कानांची.

"फुटले तितके नळे मी घराकडसून हाडून देतंय," तो म्हणाला.

"नळ्यांचा नाय रे. हाताखाली वायच हुशार माणूस घे. ह्यां बापडां आता चुलीपाशीच बरां."

विमला खाली बसून तुकडे गोळा करत होती. एक तुकडा उचलायला तिला तीनदा हात घालावा लागला.

लाळ, थरथर, जड झालेली जीभ, हे सगळं गोळ्यांमुळे होतं. चार वर्षांमागे एका चैत्रात तिची झोप उडाली होती. मालवणच्या बाजारात मासे आणायला गेली ती सगळ्या बाजाराला घरी जेवायचं आवतण देऊन आली. दुपारी पन्नासेक माणसं खळ्यात येऊन बसली. कोळणी, हमाल, एक पोस्टमनही. घरात तांदूळ होते शेरभर. बाबलीची थोरली विधवा बहीण अक्का त्यांच्याकडेच राहायची, ती दारात उभी राहून एकेकाला हात जोडत होती आणि आत विमला ठेवणीतलं लुगडं नेसून पानं मांडत होती. मग पावसाळा लागला तसं तिने भिंतीकडे तोंड केलं ते दसऱ्यापर्यंत. तोंडाला लावलेली पेज गळ्यावरून ओघळायची. देवळात गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला, भूत उतरवायला घाड्याला बसवलं. शेवटी शेजारच्या मार्गारेट बाईने चिठ्ठी लिहून दिली. ती शाळेत मास्तरीण होती, तिला चार गोष्टी ठाऊक होत्या. ती चिठ्ठी घेऊन बाबली विमलाला रत्नागिरीच्या इस्पितळात घेऊन गेला. गावात सांगितलं, माहेरी पोचवायला जातोय. गावाने मान डोलवली. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टर देशावरचे, हळू बोलणारे होते. "हा आजार दोन तोंडांचा आहे," ते म्हणाले होते. "एकदा माणसाला चढवतो, एकदा पाडतो. यात बाईंचा दोष नाही, तुमचाही नाही. गोळ्या मात्र रोज द्यायच्या. आजार दिसत नसला तरी रोज. तुमच्या हाताने."

तीन वर्षं बाबलीने आपल्या हाताने दिल्या. सकाळी पेजेआधी विमला तळहात पुढे करी. तो पत्र्याच्या डब्यातून गोळ्या काढून त्यावर ठेवी. तीन वर्षांत ती चढली नाही, पडलीही नाही. यंदा शिमग्याच्या सुमाराला झोप पुन्हा कमी झाली म्हणून डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि हात थरथरू लागले.

भाईंच्या खळ्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखा तळहात पुढे केला. बाबली डबा घेऊन उभा राहिला.

"आता नको," तो म्हणाला. "नळ्यांचा काम सरांदे. मगे घे."

तिने रिकाम्या तळहाताकडे पाहिलं, तो लुगड्याला पुसला आणि पेज वाढायला गेली.

डबा फळीवर राहिला तर अक्का विचारील. बाबलीने तो चुलीमागच्या भिंतीवर, वासा आणि नळे यांच्या मधल्या फटीत सरकवून दिला. नळ्यांखाली काय काय लपतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लोकांच्या छपरांत त्याला चोरलेल्या वाट्या सापडल्या होत्या, दारूच्या बाटल्या सापडल्या होत्या, एकदा एका सोवळ्या घरात सुक्या बांगड्यांची पुरचुंडी सापडली होती. तो कधी कुणाला बोलला नव्हता.

चौथ्या दिवशी हातांची थरथर कमी झाली. सहाव्या दिवशी नळा आढ्यापर्यंत पोचला. आठव्या दिवशी विमलाने दोन नळे एकात एक घालून फेकले आणि ते बाबलीच्या हातात असे येऊन बसले, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. बाबली वर हसला. खाली तीही हसली, अगदी वेळेवर.

भाईंचं घर झालं, त्यापुढचंही झालं. भाईंनी मान हलवली. "बापडां बरां झालां रे!" ते म्हणाले. बाबली त्या संध्याकाळी गावातून मधल्या रस्त्याने घरी आला. एरवी तो कुंपणाकडेच्या पाणंदीने यायचा.

दहाव्या दिवसापासून ती कोंबड्याच्या आधी उठू लागली. खळं सारवून काढी, अक्काची भांडी पुन्हा घाशी, विहिरीवर चार बायकांचं पाणी एकटी ओढी. बोलणं सुरू झालं की थांबेना.

"बाबली," अक्का म्हणाली, "ह्यां लय बोलाक लागलां."

"बरां झालां मा मगे. गप ऱ्हवला तरी तुका होया नाय."

"तसां नाय रे. त्या सालासारखां बोलता."

"तुजा काय तरीच."

पण त्याने पाहिलं होतं. तो नळ्यांचा माणूस. एक नळा सरकला की खालची सगळी ओळ कशी सरकते हे त्याला शिकवायला नको होतं. मार्गारेट बाईचं घर तेवढं उरलं होतं. ते झालं की डबा काढू, असं त्याने मनाशी ठरवलं. आणि तोवरच्या दोन दिवसांत त्याने विमलाकडून आणखी काम घेतलं.

मार्गारेट सकाळीच बाजाराला गेली होती. घरात तिचा म्हातारा सासरा कॉस्मे तेवढा होता. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेल्यापासून तो खाटेवर होता. बाबलीने छपराची एक पट्टी उतरवली, नळ्यांखालच्या रिपा कुजलेल्या दिसल्या म्हणून बांबू आणायला गेला. विमलाला म्हणाला, "हंयच बस."

तासाभराने खांद्यावर बांबू घेऊन तो आला तेव्हा खळ्यात वीसेक माणसं उभी होती. विमला छपरावर होती. पश्चिमेची सगळी बाजू तिने उघडी केली होती. नळे रचून नव्हते ठेवले, फेकले होते. खळ्यात ढीग पडला होता तुकड्यांचा. पदर कमरेभोवती, केस सुटलेले, पायाच्या अंगठ्यातून रक्त.

"जुना सगळा खाली!" ती ओरडत होती. "आख्ख्या वाडीक नवी घरां! सगळ्यांका!"

कुणी हसत नव्हतं. भाईंच्या पडवीतलं हसणं बरं होतं, असं बाबलीला वाटलं.

तो शिडीने वर गेला. "विमल, खाली ये."

"तुमी झेला!" ती म्हणाली आणि तिने पाच हातांवरून नळा फेकला.

त्याचे हात सवयीने पुढे झाले. त्याने झेलला. दुसरा आला, तोही झेलला. तिसरा झेलला. खालची माणसं बघत होती आणि तो झेलत होता. चौथा कपाळावर बसला.

मग खालच्या माणसांतले दोघे वर चढले आणि तिला धरून उतरवलं.

"बांध तिका," गर्दीतून पुढे येत भाई म्हणाले. "कोणाच्या डोक्यार पडलो आसतो म्हणजे?"

शिडी बांधायचा सुंभ तिथेच पडला होता. गाठ बाबलीने स्वतः मारली. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागायला नको म्हणून, असं तो स्वतःशी म्हणाला. विमला तोवर गप्प झाली होती. मनगटं तिने आपणच जुळवून पुढे केली, सकाळी तळहात करायची तशी.

मार्गारेट आली. तिने आधी छपराकडे पाहिलं, मग विमलाच्या मनगटांकडे. पिशवी खाली ठेवून तिने गाठ सैल केली, सुंभाखाली आपला रुमाल घातला. आतून कॉस्मेची हाक आली. बाबली आत गेला. म्हातारा खाटेवर पडला होता आणि रिपांच्या सावल्या त्याच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी पडल्या होत्या.

"बाबली, रागा नको भरू तिका," तो म्हणाला. "दोन वर्सांनी माका आज आबाळ दिसलां."

बाबलीच्या कपाळाचं रक्त भुवईवर आलं होतं. त्याला त्या म्हाताऱ्यापुढे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तो तिला घेऊन निघाला. कसालला गाडी बदलली. बांधलेली मनगटं पदराखाली झाकली होती तरी कंडक्टरने वाकून पाहिलं. रत्नागिरी येईपर्यंत बाबलीने मान वर केली नाही.

डॉक्टरांनी तिला आत नेऊन सुई दिली आणि परत आणून बाकावर बसवलं. मग त्यांनी बाबलीला विचारलं, "गोळ्या चालू होत्या?"

"होय, साहेब."

"चालू असत्या तर इतकं झालं नसतं. कुणी थांबवल्या?"

बाबलीने कचेरीतली भाषा काढली. "तिनं थांबवल्या, साहेब. टाकून दिल्या. आम्हाला कळलं नाही."

विमलाचे डोळे अर्धे मिटलेले होते. पण पुरते मिटले नव्हते. डॉक्टरांनी बाबलीचं सांगणं कागदावर लिहून घेतलं.

विमलाला इस्पितळात ठेवून तो घरी आल्यावर अक्काने विचारलं, तेव्हा तिलाही त्याने तेच सांगितलं. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सोपं गेलं. मार्गारेट बाईच्या घराला त्याने आपल्या परसातल्या मांगरावरचे नळे काढून घातले, पाऊस उंबऱ्यावर असताना, एकट्याने. प्रत्येक नळ्यागणिक शिडी उतरायची आणि चढायची. मार्गारेटने दुपारी जेवायला बोलावलं, तो गेला नाही.

श्रावणात तो रत्नागिरीला गेला. विमला इस्पितळाच्या पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिने त्याला ओळखलं, अक्काची चौकशी केली, गाय व्याली का ते विचारलं. नजर निवळलेली होती. त्याने आणलेलं खाजं तिने शेजारच्या बाईला अर्धं मोडून दिलं. आता घेऊन जायचं, असं धरूनच तो आला होता. तिचं दुसरं लुगडं पिशवीत होतं.

"तब्येत छान आहे," डॉक्टर म्हणाले. "पण घरी पाठवायचं धाडस होत नाही. काय आहे, गोळ्या आपणहून टाकणारी बाई. तुम्ही दिवसभर कामावर. पुन्हा टाकल्या तर? दिवाळीनंतर बघू." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, परत टाकायच्या नाहीत हं."

"टाकूचंय नाय," विमला म्हणाली. तिने बाबलीकडे पाहिलं नाही. सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

बाबलीचं तोंड उघडलं होतं. बोलायला एवढीशी फट होती. पडवीत दोन शिपाई उभे होते, दुसऱ्या पेशंटचा भाऊ होता. त्याने तोंड मिटलं. लुगड्याची पिशवी घेऊन तो परत आला.

"खंय आसा ती?" अक्काने दारातच विचारलं.

"दिवाळेक येतली."

"कित्या? बरां नाय तिका?"

"बरां आसा."

"मगे?"

तो पाय धुवायला गेला.

त्या साली गावाची घरं झाली आणि बाबलीचं स्वतःचं राहिलं. रत्नागिरीहून आल्यावर दोन दिवसांनी मोठी सर आली तसं पाणी थेट चुलीत पडू लागलं. अक्का फुंकून फुंकून टेकीला आली. "लोकांची घरां शिवता आणि आपली चूल भिजता," ती म्हणाली. बाबली आतून शिडी लावून चढला. वाशाच्या फटीत हात घातला आणि हाताला डबा लागला.

झाकण उघडलं. आत पाणी शिरलं होतं. गोळ्यांचा पांढरा लगदा झाला होता, त्याला गंजाचा रंग चढला होता.

"काय ता?" अक्का खालून म्हणाली. मग तिने डबा ओळखला. "ह्यो थंय कोणी ठेवलो?"

नळ्यांतून पाणी बाबलीच्या मानेवर पडत होतं.

अक्का विझलेल्या चुलीपुढे खाली बसली. "अरे मेल्या," ती म्हणाली, आवाज न चढवता. "आणि मी गावभर सांगलंय, तिनाच टाकल्यान म्हणान."

थोड्या वेळाने ती उठली, कोरडं फडकं आणून तिने डबा त्यात बांधला आणि त्याच्या हातात दिला.

डॉक्टरांच्या टेबलावर बाबलीने फडकं सोडलं. "साहेब, आमच्याकडून एक चूक..." असं तो बोलू लागला आणि ती भाषा त्याला पुढे नेईना.

"मी लपयलंय," तो म्हणाला. "तिना हात पुडे केल्यान, मी दिलंय नाय. तिचे हात थरथरत. लोक हसत. माका लाज वाटली. मगे ती चढाक लागली तां पण माका दिसलां. तरी दिलंय नाय. कामाक बरी होती म्हणान."

डॉक्टरांनी डब्यात पाहिलं, मग कागद काढला. "मी बाईंना तीनदा विचारलं," ते म्हणाले. "तिन्ही वेळा म्हणाल्या, होय, मीच टाकल्या."

बाबली टेबलाची कड धरून उभा होता.

डॉक्टरांनी कागदावरची ओळ खोडली. "हात थरथरतात, एवढं मला कळवायचं होतं. एक कार्ड टाकलं असतंत तरी चाललं असतं. गोळ्यांचं प्रमाण कमी करता येतं. सगळी थरथर जाणार नाही, पण कमी होते." ते रागावले असते तर बाबलीला बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसली. नव्या गोळ्यांची पुडी विमलाच्या ओटीत होती. तिच्या मनगटावरचा सुंभाचा वळ आता फिकट झाला होता, पण होता. राजापूर गेल्यावर बाबली म्हणाला, "मीच टाकलंय, असा सांगलंस कित्या?"

"तुमी आधीच सांगललात. मगे चार माणसांत तुमका खोटो पाडू?"

"डबो खंय होतो, तुका ठावक होता?"

"चुलीमागे. मी आणि खंय आसतंय?"

"मगे हात घालून घेतलंस कित्या नाय गो?"

गाडी एका फाट्यावर थांबली, दोघं उतरली, एक चढला.

"तुमी हसत होतात," ती म्हणाली. "तीन वर्सां माज्याकडे बघून हसलात नाय."

पुढच्या वैशाखात बाबलीने नळे फेकून घ्यायचं बंद केलं. आढ्याला त्याने कप्पी बांधली. विमलाने खाली टोपलीत नळे भरायचे, त्याने वर ओढायचे. सुंभ लागणार होता. घरात नवा होता, पण विमला आतून तो गेल्या सालचा जुनाच घेऊन आली.

"ह्यो मजबूत आसा," ती म्हणाली.

बाबलीने तो तिच्या हातून घेतला.

भाईंच्या खळ्यात पुन्हा माणसं जमली. टोपली हळूहळू वर जायची, हळूहळू खाली यायची. एक नळा भरताना विमलाच्या हातून निसटला आणि फुटला. पडवीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबलीचे कान तापले. ते गेल्या सालीही तापले होते. ते तापायचे थांबणार नव्हते, हे त्याला आता कळून चुकलं होतं.

"बाबल्या," भाई म्हणाले, "ह्या चालीन दिवाळेपर्यंत माजां घर उघडांच ऱ्हवतला."

"मगे दुसरो माणूस बघा, भाई."

नळ्यांचा दुसरा माणूस गावात नव्हता.

सकाळी निघायच्या घाईत गोळ्या राहिल्या होत्या. बाबलीला ते वरच आठवलं. तो शिडी उतरला, हात धुतले आणि पडवीच्या पायरीवर सगळ्यांदेखत कनवटीचा नवा डबा उघडला. विमलाने तळहात पुढे केला. तो थोडा थरथरत होता. बाबलीने एक गोळी ठेवली, ती घरंगळली. त्याने वाकून ती खळ्यातून शोधली, धोतराला पुसली आणि पुन्हा ठेवली, आणि या खेपेला खालून तिच्या हाताला आपला हात लावला.

"भाई," तो म्हणाला, "वायच पाणी होया हिका."

भाईंनी आत हाक मारली. तांब्या आला. विमला प्यायली, तोंड पुसलं आणि टोपलीपाशी जाऊन नळे भरू लागली. बाबली वर चढून बसला. गाठ मारायला तिला वेळ लागला. पडवीतली माणसं बघत होती. तो सुंभ हातात धरून थांबला.

"ओढा," ती खालून म्हणाली.